ल्युसीला दिवस गेले, मालिकेला दिवस आले

ल्युसिल बॉल (१९११–१९८९) ही अमेरिकी दूरचित्रवाणीवरची सर्वांत गाजलेली विनोदी अभिनेत्री पहिल्यांदा आई झाली, तेव्हा तिला चाळीस पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले होते. ज्या वयात हॉलिवूडच्या नायिकेने नायकाच्या आईची कामे मुकाट्याने पत्करावीत असा रिवाज होता, त्या वयात तिच्या घरी तीन महिन्यांच्या आत दोन जन्म झाले. १७ जुलै १९५१ रोजी मुलगी झाली आणि १५ ऑक्टोबर १९५१ रोजी ‘आय लव्ह ल्युसी’ ही साप्ताहिक मालिका सुरू झाली. दोघींनाही वेळेवर खायला लागे, आणि मालिकेला तर दर आठवड्याला नवीन. मुलीचे नावही ल्युसीच ठेवले. पुढे मुलगा झाला त्याला बापाचेच नाव मिळाले, आणि मालिकेतल्या बाळाला मालिकेतल्या बापाचे. नावांच्या बाबतीत या घराण्याने एवढी काटकसर केली आहे की वाचकाची सोय म्हणून येथे अभिनेत्रीला ल्युसिल, मालिकेतल्या पात्राला ल्युसी आणि मुलीला मुलगी म्हटले आहे.

ल्युसिलचा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन या गावी झाला. ती तीन वर्षांची असताना वडील विषमज्वराने गेले. किशोरवयात ती न्यूयॉर्कच्या एका नाट्यशाळेत दाखल झाली. तेथून तिच्या आईला कळवण्यात आले, की मुलीत काही दिसत नाही, फी वाया घालवू नका. पुढे १९३३ च्या ‘रोमन स्कँडल्स’मध्ये ती गाण्यामागच्या घोळक्यात उभी राहिली, मग आरकेओ कंपनीत नोकरीला लागली आणि बरीच वर्षे ‘बी’ चित्रपटांची राणी म्हणून ओळखली गेली. ‘बी’ चित्रपट म्हणजे मुख्य चित्रपटाच्या जोडीला, त्याच तिकिटात दाखवला जाणारा दुय्यम चित्रपट. त्यांची राणी असणे हा किताब की टोमणा, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे.

१९४० मध्ये ‘टू मेनी गर्ल्स’च्या चित्रीकरणात तिची गाठ डेसी आर्नाझशी पडली. तो क्यूबाचा, तिच्याहून सहा वर्षांनी लहान, गळ्यात ढोल अडकवून गाणारा वाद्यवृंदप्रमुख. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला त्यांनी लग्न केले. पुढची दहा वर्षे नवरा वाद्यवृंद घेऊन गावोगाव आणि बायको स्टुडिओत, मध्ये त्याची सैन्यातली नोकरी. तो मुक्कामी असला तरी ती पहाटे कामाला निघे त्या सुमारास त्याची क्लबातून परतण्याची वेळ होई. अशा संसारात मूल होणे हा वैद्यकापेक्षा वेळापत्रकाचा प्रश्न असतो. त्यातून राहिलेले गर्भ टिकले नाहीत, ते दुःख वेगळेच. १९४४ मध्ये तिने घटस्फोटाचा अर्जही केला होता, पण मग समेट झाला. दोघांनी एका गावात, जमल्यास एका छपराखाली काम करावे, एवढीच आता तिची इच्छा होती. दूरचित्रवाणीत ती आली ती या घरगुती कारणासाठी.

१९४८ पासून ती सीबीएस या वाहिनीच्या रेडिओवर ‘माय फेव्हरिट हजबंड’ ही श्रुतिका करत होती. ती दूरचित्रवाणीवर आणायची वेळ आली तेव्हा तिने अट घातली, की नवऱ्याचे काम डेसीनेच करायचे. वाहिनीचे अधिकारी म्हणाले, की एका अमेरिकी बाईचा नवरा असे तोडकेमोडके इंग्रजी बोलणारा क्यूबन असू शकतो हे लोकांना पटणार नाही. त्या दोघांच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षे होत आली होती. ज्यांचा संसार सगळ्या अमेरिकेला माहीत होता, त्यांना संसार शक्य असल्याचा पुरावा द्यावा लागला. १९५० मध्ये जोडप्याने रंगमंचीय प्रवेशांचा दौरा काढला, लोक पोट धरून हसले आणि मग अधिकाऱ्यांनाही पटले. मार्च १९५१ मध्ये मालिकेचा नमुना-भाग चित्रित झाला. ल्युसिलला तेव्हा पाचवा महिना होता. विदूषकी ढगळ कपड्यांमुळे ते खपून गेले. हा विनोदी नटीच्या पेशाचा एक फायदा आहे. प्रेमकथेच्या नायिकेला तो मिळत नाही.

खरी अडचण पुढे आली. त्या काळी देशाच्या दोन किनाऱ्यांमध्ये दूरचित्रवाणीचा संदेश धाडणारी जोडणी नुकतीच पुरी होत होती. बहुतेक प्रेक्षक पूर्वेकडे, म्हणून कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट सादर होत. दुसऱ्या किनाऱ्याला पडद्यासमोर कॅमेरा ठेवून काढलेली फिल्म पाठवली जाई. तिला किनेस्कोप म्हणत. तीत माणसे ओळखू येत, पण अंदाजाने. मालिकेचा प्रायोजक फिलिप मॉरिस ही सिगारेटची कंपनी होती आणि तिची बहुसंख्य गिऱ्हाइके पूर्वेला. त्यांच्या तोंडातून धूर निघावा ही कंपनीची इच्छा होती, पडद्यावरचे चित्र धूसर असावे ही नव्हती. तेव्हा मालिका न्यूयॉर्कलाच व्हावी असा हट्ट धरण्यात आला. ल्युसिलने नकार दिला. लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थला त्यांचे शेतघर होते, दोघांची नावे जोडून त्याचे नाव ‘डेसिलू’ ठेवले होते, आणि आता त्या घरात पाळणा बांधायचा होता. दहा वर्षांनी घर भरणार असताना तिला ते सोडून जायचे नव्हते.

तेव्हा तोडगा असा निघाला: मालिका चित्रपटासारखी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करायची, पण नाटकासारखी, प्रेक्षकांसमोर सलग. त्यासाठी एकदम तीन कॅमेरे चालवायचे. हे काम कार्ल फ्रॉइंडवर सोपवले. जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’सारख्या चित्रपटाचे छायाचित्रण केलेला हा जाडजूड गृहस्थ आता एका गृहिणीच्या स्वयंपाकघरावर प्रकाश पाडू लागला. तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी चालेल अशी प्रकाशयोजना त्याने बसवली, आणि ती पद्धत पुढे अनेक विनोदी मालिकांनी उचलली. स्टुडिओत प्रेक्षक बसवायचे तर रस्त्यावरून स्वतंत्र वाट हवी, असा अग्निशमनाचा नियम आडवा आला; म्हणून भिंत फोडून दार काढले.

फिल्मचा खर्च जास्त. तो कोणी द्यायचा यावर घासाघीस झाली आणि अखेर जोडप्याने आठवड्याला ५,००० ऐवजी ४,००० डॉलरवर काम करायचे कबूल केले. मोबदल्यात डेसीने एक मागणी केली: एकदा दाखवून झाल्यावर या फिल्मची मालकी आमची. वाहिनीने ती आनंदाने मान्य केली. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण बघणार? त्या काळी शहाण्या माणसांचे यावर एकमत होते. दूरचित्रवाणीच्या धंद्यात इतका महागडा होकार फार थोड्या वेळा दिला गेला असेल.

पहिल्या मोसमात पस्तीस भाग झाले. आठवडाभर तालीम, सुरुवातीच्या काळात शुक्रवारी रात्री सुमारे तीनशे प्रेक्षकांसमोर चित्रण, मग शेतघर आणि मुलगी. आजच्या मराठी दैनंदिन मालिकेत रोज एक भाग उपसणाऱ्या नटीला हे वेळापत्रक रजेसारखे वाटेल. पण ल्युसिलच्या तालमी कडक असत. पडद्यावर ऐन वेळी घडल्यासारखा दिसणारा प्रत्येक गोंधळ आधी अनेकदा घोटलेला असे. लेखक तीन: जेस ओपनहायमर, बॉब कॅरोल धाकटा आणि मॅडेलिन प्यू. एखादी कसरत बाईमाणसाला जमेल का याची शंका आली की मॅडेलिन स्वतः आधी ती करून बघे. प्रेक्षकांत ल्युसिलची आई डीडी जवळजवळ प्रत्येक चित्रणाला हजर असे. लेकीचे पात्र नको त्या भानगडीत शिरू लागले की तिच्या तोंडून ‘अरेरे’च्या धर्तीचा एक उद्गार निघे. जुन्या भागांच्या ध्वनिफितींवर तो आजही ऐकू येतो. कथानक तिला ठाऊक नसे असे नाही. पण मुलगी चाळीस वर्षांची झाली आणि तिला त्यासाठी पैसे मिळत असले, तरी ती पडणार हे दिसल्यावर आईला राहवत नाही.

मालिकेचा मूळ विनोद वेगळ्याच कारणाने लक्षात घेण्यासारखा आहे. ल्युसी रिकार्डो ही न्यूयॉर्कच्या चाळवजा इमारतीत राहणारी गृहिणी. तिला नवऱ्यासारखे रंगमंचावर चमकायचे आहे आणि नवरा रिकी तिला घराबाहेर पडू देत नाही. बाईने घर सांभाळावे, असे त्याचे ठाम मत. हे मत देशाला पटवून देण्यासाठी ल्युसिलला तान्ही मुलगी घरी ठेवून आठवडाभर घराबाहेर राहावे लागे. शिवाय शेतघराचेच नाव दिलेल्या ज्या डेसिलू कंपनीत तिला ‘तू काम करू नकोस’ असे ऐकवले जाई, तिची ती भागीदार होती.

सप्टेंबर १९५२ मध्ये दाखवलेल्या ‘जॉब स्विचिंग’ या भागात तर दोन्ही पक्षांनी कामांची अदलाबदल केली. ल्युसी आणि शेजारीण एथेल चॉकलेटच्या कारखान्यात गेल्या. रिकी आणि एथेलचा नवरा फ्रेड घरी राहिले. कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटे इतक्या वेगाने आली की बायकांनी ती तोंडात, टोपीत आणि पोलक्यात कोंबली. जगाला या भागातली चॉकलेटेच आठवतात. मराठी वाचकाने मात्र स्वयंपाकघराकडे बघावे. तेथे दोन पुरुषांनी माणशी एक पौंड या हिशेबाने चौघांसाठी भात लावला आहे, आणि तो भांड्यात मावण्याचे नाव घेत नाही. तांदूळ फुगतो ही माहिती नसलेला पुरुष सर्व देशांत सापडतो, असे यावरून म्हणता येईल. या भागाचे चित्रण मेच्या अखेरीस झाले होते. मुलाच्या जन्मतारखेवरून मागे मोजले, तर ती चॉकलेटे खाताना ल्युसिल दोन जिवांची होती.

कारण १९५२ च्या उन्हाळ्यात तिला पुन्हा दिवस गेल्याचे कळले. डेसी ही बातमी घेऊन ओपनहायमरकडे गेला तो तोंड पाडूनच. मालिका संपली असे तो धरून चालला होता. ओपनहायमरने अभिनंदन केले आणि दुसऱ्या मोसमात काय लिहावे ही आपली चिंता मिटली, असे सांगितले. ल्युसिल गरोदर तर ल्युसीही गरोदर. इतका सरळ उपाय. पण त्याला तीन जणांची संमती लागणार होती: वाहिनी, जाहिरातसंस्था आणि सिगारेट कंपनी. तिघेही हादरले. त्या काळच्या पडद्यावर नवराबायकोच्या खाटा वेगळ्या ठेवण्याचा प्रघात होता. वेगळ्या खाटांवर झोपणाऱ्यांना मूल कसे होते, हा प्रश्न प्रेक्षकांच्या मुलांनी विचारला तर? म्हणून सूचना आल्या. ल्युसिलला खुर्च्यांच्या मागे उभी करावी. ते नसेल जमत तर एकदोन भागांपुरताच विषय उरकावा. आठव्या महिन्यातली बाई आणि तिच्यापुढे एक खुर्ची, हे दृश्य विनोदी ठरले असते यात शंका नाही, पण अभिप्रेत अर्थाने नव्हे.

येथे एक दुरुस्ती करणे भाग आहे. गरोदर अभिनेत्री तशीच पडद्यावर दाखवणारी ही पहिली अमेरिकी मालिका, असे सर्रास सांगितले जाते. तो मान ‘मेरी के अँड जॉनी’ या मालिकेचा आहे. खऱ्या आयुष्यातल्याच त्या जोडप्याने १९४८ मध्ये आपले होऊ घातलेले मूल कथानकात घेतले होते. पण ती मालिका थेट सादर होई, तिच्या फिल्म फारशा उरल्या नाहीत, आणि ज्याची फिल्म उरत नाही त्याचे पहिलेपणही उरत नाही. मालकीहक्काची अट घालणाऱ्या डेसीला हे उमगले होते.

डेसीने शेवटी फिलिप मॉरिसचे प्रमुख आल्फ्रेड लायन्स यांना थेट पत्र लिहिले. आशय असा, की आजवर आम्ही तुम्हाला पहिल्या क्रमांकाची मालिका दिली; काय करायचे हे आता आम्ही ठरवायचे नसेल, तर यापुढे तुम्हीच ठरवा आणि जबाबदारीही तुम्हीच घ्या. लायन्स यांनी आपल्या माणसांना एक छोटी चिठ्ठी धाडली. क्यूबनाच्या वाटेला जाऊ नका, असा तिचा सभ्य गोषवारा; मूळ शब्द कुटुंबासमवेत वाचण्याजोगे नव्हते. विरोध तत्काळ मावळला. गरोदरपणाचा उल्लेख पडद्यावर शोभून दिसावा यासाठी झटणाऱ्या कचेरीत अखेर शिवीनेच काम झाले.

तरी वाहिनीने काळजी घेतलीच. ‘प्रेग्नंट’ हा शब्द उच्चारायचा नाही, ‘एक्स्पेक्टिंग’ चालेल. बातमी कळण्याच्या भागाला ‘ल्युसी इज ऑनसँत’ असे फ्रेंच शब्दाचे नाव दिले, म्हणजे कळले तरी न कळल्यासारखे राहावे. प्रत्येक संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक यहुदी रब्बाय यांना दाखवायची असेही ठरले. तिघांना कुठेही काही वावगे आढळले नाही. तीन धर्मपंथांच्या उपाध्यायांनी मिळून एका बाईच्या डोहाळ्यांची छाननी केली आणि ती निर्दोष ठरवली, ही धर्मसहिष्णुतेच्या इतिहासातली उपेक्षित घटना आहे.

या विषयावर सात भाग झाले. ते लिहिणाऱ्या तिघांपैकी मॅडेलिन तेव्हा अविवाहित होती. बाळंतपणाचा जवळून अनुभव असलेला एकटा ओपनहायमर. तरीही भाग अस्सल उतरले. ८ डिसेंबर १९५२ च्या पहिल्या भागात ल्युसी नवऱ्याला बातमी सांगायला दिवसभर धडपडते आणि कोणी ना कोणी मध्ये येते. शेवटी ती त्याच्या क्लबात निनावी चिठ्ठी पाठवते, आणि प्रेक्षकांतले कोण जोडपे ते शोधत गाणे म्हणत फिरणारा रिकी तिच्यापाशी येऊन थांबतो. त्या क्षणी दोघांच्या डोळ्यांत आलेले पाणी खरे होते. इतकी वर्षे वाट पाहिलेल्या माणसांना तेवढ्यापुरता अभिनय करावा लागला नाही. विनोदी मालिकेच्या मानाने हा प्रसंग फारच चांगला आहे.

पुढच्या एका भागात बाळाच्या कानावर शुद्ध भाषा पडावी म्हणून ल्युसी इंग्रजीचा शिक्षक ठेवते. दुसऱ्यात बाळ कलासंपन्न निपजावे म्हणून मातीची शिल्पे करायला बसते. यालाच आपल्याकडे गर्भसंस्कार म्हणतात आणि त्याचे वर्ग पुण्यात आगाऊ नोंदणीने भरतात; ल्युसीचे निकाल पाहता तिच्या शिक्षकाने पैसे परत करायला हवे होते. आणखी एका भागात सगळे कौतुक बायकोचे होते म्हणून रिकीलाच डोहाळे लागतात, मळमळू लागते, आणि त्याचा उपाय म्हणून फ्रेडला त्याच्यासाठी पुरुषांचे डोहाळजेवण घालावे लागते. बाळंतपण बाईचे आणि कोडकौतुक पुरुषाचे, ही वाटणी कल्पकता म्हणून कौतुकाची आणि निरीक्षण म्हणून अचूक आहे.

सातवा भाग इस्पितळाचा. त्यात रिकी, फ्रेड आणि एथेल घरातून शांतपणे निघण्याची रीतसर तालीम करतात: कोण फोन करणार, कोण बॅग उचलणार, कोण कोट देणार. प्रत्यक्ष वेळ आल्यावर एकच धांदल उडते आणि ल्युसीला मागे ठेवून तिघे बाहेर पळतात. इस्पितळात पोचेपर्यंत चाकांच्या खुर्चीत बसायची पाळी रिकीवर येते. हा भाग नोव्हेंबरमध्येच चित्रित करून ठेवला होता. मुलगी शस्त्रक्रियेने झाली होती, तेव्हा दुसरे मूलही तसेच होणार हे ठरलेले. डॉक्टर अशा शस्त्रक्रिया सोमवारी करत आणि मालिकाही सोमवारी रात्री नऊला लागे. त्यामुळे १९ जानेवारी १९५३ रोजी सकाळी लॉस एंजेलिसच्या इस्पितळात ल्युसिलला मुलगा झाला आणि त्याच रात्री ल्युसीला. मालिकेत मुलगाच होणार हे लेखकांनी आधी ठरवून टाकले होते. निसर्गाने संहितेला मान दिला.

त्या रात्री सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दूरचित्रवाणी संच असलेल्या घरांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक घरांत तोच लागला होता. दुसऱ्या दिवशी जनरल आयझेनहॉवर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. ती पाहणारे सुमारे २ कोटी ९० लाख. दुसरे महायुद्ध जिंकून आलेला सेनापती एका दिवसाच्या मुलापुढे दीड कोटीने मागे पडला. एप्रिलमध्ये ‘टीव्ही गाइड’ साप्ताहिकाचा पहिला देशव्यापी अंक निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर हेच बाळ होते. बाहुल्या, दुपटी, बाळाच्या खोलीचे फर्निचर असा माल त्याच्या नावावर खपू लागला. बाळाच्या जन्मानंतर महिन्याभरातच मालिकेचा नवा करार झाला होता, तो ८० लाख डॉलरचा. ज्या पोटापुढे खुर्ची ठेवायची होती त्याची ही किंमत.

मात्र या प्रकरणातली सर्वांत टिकाऊ गोष्ट बाळंतिणीच्या विश्रांतीतून निघाली. ल्युसिल घरी असताना दाखवायचे काय? काही भाग आधी चित्रित करून ठेवले होते, पण ते पुरणारे नव्हते. मग ओपनहायमरने पहिल्या मोसमातले भाग काढले, त्यांच्या आरंभी ‘तुला आठवते का, तेव्हा ल्युसीने’ अशा धर्तीचे छोटे नवे संवाद जोडले आणि ते पुन्हा लावले. लोकांनी ते पुन्हा पाहिले, काहींनी तर अधिक हौसेने. पहिल्या वेळी देशात संचच कमी होते, त्यामुळे पुष्कळांना ते नवेच होते. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा विकता येतो, हा दूरचित्रवाणीच्या अर्थकारणाचा पाया एका बाळंतपणाच्या रजेने घातला. मालकी डेसिलूची असल्याने फायदाही डेसिलूचा. पुढे वाहिनीने याच फिल्म त्या जोडप्याकडून मोठी रक्कम देऊन विकत घेतल्या.

मालिकेतले बाळ घरी आल्यावर एक चमत्कार घडला: ते दिसेनासे झाले. कथेला गरज असेल तेव्हा पाळण्यात असे, एरवी शेजारच्या मिसेस ट्रंबल नावाच्या म्हातारबाई त्याला सांभाळत. त्यांना दुसरे काम नसे, त्यांनी कधी नकार दिल्याचे आठवत नाही आणि पैशांचा विषय फारसा निघत नसे. जगातल्या सर्व नोकरदार आयांनी ज्या शेजारणीचे स्वप्न पाहिले ती फक्त याच मालिकेत होऊन गेली. पडद्यावरचे बाळही एक नव्हते. तान्ह्या मुलांना दिव्यांखाली थोडाच वेळ ठेवता येई म्हणून जुळी आणली, पुढे ती बदलली, आणि १९५६ पासून कीथ थिबोडो या ढोल वाजवणाऱ्या मुलाने ते काम केले. खरे बाळ घरी दायांकडे आणि आजीकडे वाढत होते. अमेरिका मात्र त्यालाच ‘लिटल रिकी’ समजत राहिली. आपले आईबाप पडद्यावर दुसऱ्याच मुलाचे लाड करतात, हे दर सोमवारी पाहणाऱ्या मुलाची बाजू कोणी फारशी विचारात घेतली नाही.

यशाने घर एकत्र राहील हा मूळ हिशेब मात्र चुकला. १९५७ मध्ये डेसिलूने आरकेओचे स्टुडिओ विकत घेतले, म्हणजे ‘बी’ चित्रपटांच्या राणीने राजवाडाच खरेदी केला. काम वाढले, डेसीची दारू वाढली, भांडणे वाढली. मार्च १९६० मध्ये दोघांचा शेवटचा एकत्र भाग चित्रित झाला आणि दुसऱ्या दिवशी ल्युसिलने घटस्फोटाचा अर्ज दिला. १९६२ मध्ये डेसीचा हिस्सा घेऊन ती डेसिलूची प्रमुख झाली. हॉलिवूडचा एवढा मोठा स्टुडिओ चालवणारी त्या काळातली ती एकटी बाई. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन : इम्पॉसिबल’ तिच्याच कारकिर्दीत उभ्या राहिल्या. १९६७ मध्ये तिने कंपनी १ कोटी ७० लाख डॉलरना विकली.

याच काळात ‘द ल्युसी शो’ चालू होता. त्यात ती दोन मुलांची एकटी आई होती, पण विधवा. घटस्फोटित ल्युसी लोकांना सोसणार नाही, असे मानले गेले. खरी ल्युसिल घटस्फोटित आहे हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. घटस्फोट तिच्या मैत्रिणीच्या पात्राला दिला. तिला तो चालत होता. १९६८ मध्ये ‘हिअर्स ल्युसी’ सुरू झाली तेव्हा पडद्यावरच्या मुलांच्या भूमिका तिने आपल्याच मुलांना दिल्या. मुलगी सतरा वर्षांची, मुलगा पंधराचा. कामामुळे मुलांना वेळ देता येत नाही, ही अडचण मुलांना कामावर ठेवून सोडवण्याचा हा उपाय उत्तम आहे. त्यासाठी आधी कंपनी स्वतःची असावी लागते, एवढेच. मुलगा तीन मोसमांनी बाहेर पडला. मुलगी १९७४ मध्ये मालिका संपेपर्यंत टिकली, पुढे स्वतः अभिनेत्री झाली आणि १९९३ मध्ये तिने आईबापांवर ‘ल्युसी अँड डेसी : अ होम मूव्ही’ हा माहितीपट काढला. त्यात प्रेम पुष्कळ आहे आणि आईबाप घरी नसल्याच्या आठवणीही लपवलेल्या नाहीत.

यानंतर विनोदी मालिकांतल्या आयांना सोपे गेले असेल असे वाटणे साहजिक आहे. १९९२ मध्ये ‘साइनफेल्ड’मधली ज्यूलिया लुई-ड्रेफस गरोदर होती. तिचे पात्र जाड झाल्याचे दाखवू या, असे तिला सुचवण्यात आले, आणि तिला रडू आले. मग तिला खोकी, फर्निचर आणि मोठ्या पिशव्या यांच्या मागे उभे करण्यात आले. १९९७ मध्ये दुसऱ्या वेळीही तेच. म्हणजे सीबीएसच्या अधिकाऱ्यांची खुर्चीची सूचना चाळीस वर्षांनी दुसऱ्या वाहिनीने अमलात आणली.

मुंबईच्या चित्रनगरीत विनोदी कलाकार भारती सिंगने २०२२ मध्ये वेगळा मार्ग धरला. तिने काहीच लपवले नाही. भरल्या पोटाने ती ‘हुनरबाज’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे निवेदन करत राहिली, त्यावर स्वतःच विनोद करत राहिली, आणि ३ एप्रिलला तिला मुलगा झाला. दोन आठवडे व्हायच्या आत ती पुन्हा सेटवर हजर होती. आपल्याकडच्या सव्वा महिन्याचा अर्धाही उलटला नव्हता. तिच्या धडाडीचे सर्वत्र कौतुक झाले, ते योग्यच आहे. पण जुने भाग लावून बाळंतिणीला निजू द्यावे, हा उपाय १९५३ पासून सिद्ध आहे, त्याने वाहिनीला तोटा झाल्याचा दाखला नाही आणि त्यासाठी कोणत्याही धर्माच्या उपाध्यायाची परवानगी लागत नाही. वाहिन्यांनी तो वापरून पाहावा.